मुनाऱ्यापलीकडची चाळीस पावलं

भाऊ, तुम्हाला ठेवायला जागा नव्हती.

हे तुम्हाला सांगायलाच पाहिजे, कारण तुम्ही असता तर सगळ्यात आधी तुम्हीच हसला असता. पस्तीस-चाळीस वर्षं वस्तीतल्या एकूण एक मयताची सोय लावणारा माणूस बुधवारी सकाळी अंगणातल्या खाटेवर बसल्या बसल्या गेला, आणि आम्ही पंधरा-वीस बाप्ये सब्बल-कुदळी घेऊन दुपारपर्यंत एकमेकांची तोंडं पाहत उभे. कुठे खणायचं हे कोणालाच सुचेना. ते सांगणारा माणूस तिरडीवर होता.

आज चौथा दिवस. काल तिसऱ्याचं झालं. भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, तुमच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या. तो फोटोही तुमच्यासारखा नाही आला, आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला, त्यात तुम्ही कोणाच्या तरी धाकात असल्यासारखे दिसता. लोक चांगलं बोलले. मलाही बोला म्हणाले. मी माईक हातात घेतला, "भाऊ चांगले होते" एवढं म्हटलं आणि खाली बसलो. बाकीचं त्या लोकांना सांगण्यासारखं नव्हतं, तुम्हालाच सांगण्यासारखं होतं. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आपली पहिली भेट तुम्ही कधी विसरला नसाल, पण पस्तीस-चाळीस वर्षांत एकदाही तिचा विषय काढला नाहीत. मी चोवीस वर्षांचा होतो. वनरक्षकाची नोकरी नवी, वर्दी नवी, सिंदेवाहीकडचं हे बीट म्हणजे माझी पहिली नेमणूक. इकडे वनरक्षकाला लोक नाकेदार म्हणतात हेही मला इथे येऊन कळलं. वस्तीची दफनभूमी म्हणजे जेमतेम दीड बांधीएवढी, म्हणजे धानाच्या दीड खाचराएवढी जागा. एका अंगाला तलावाची पाळ, दुसऱ्या अंगाला धानाची शेतं, तिसऱ्या अंगाला रस्ता आणि चौथ्या अंगाला आमचं जंगल. जंगलाची हद्द दाखवणारा दगड-चुन्याचा खांब, आमच्या भाषेत मुनारा, त्या चौथ्या अंगाला उभा होता. तुम्ही त्याच्या पलीकडे गुडघाभर खड्डा खणला होता. पळसाच्या सावलीत तिरडी ठेवलेली. बाया बसलेल्या. ऊन मी म्हणत होतं.

मी खिशातून टेप काढला, मुनाऱ्यापासून मोजलं आणि म्हणालो, "हे फॉरेस्ट आहे. खड्डा बुजवा."

तुम्ही खड्ड्यात उभे राहूनच विचारलंत, "साहेब, आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं. बसलेल्या बायांमध्ये थोडी कुजबुज झाली.

"म्हणजे आपलेच," तुम्ही म्हणालात.

आपलेच म्हटल्यावर मी जास्तच ताठ झालो. आपल्या माणसाला सूट दिली असं कोणी म्हणायला नको, ही धास्ती त्या वयात फार होती. "नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणालो. तुम्ही मुनाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता भांडण होणार, आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. तुम्ही फावडं उचललंत आणि स्वतः खणलेला खड्डा स्वतः बुजवलात. वरची माती हातानं सारखी केलीत. मी डायरीत लिहिलं, अतिक्रमण रोखले. सायकलवर बसून निघून आलो. त्या माणसाला शेवटी कुठे ठेवलं, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

माझी नंतर बदली झाली. धानोऱ्याला राहिलो, भामरागडला राहिलो. तिकडे माडिया लोकांच्या मृतांचे उभे दगड रानात पाहिले तेव्हा हेवा वाटला. एकेका माणसासाठी एकेक दगड, आणि मागे हवं तेवढं रान. शहरगावांत याच्या उलट पाहिलं, की जागा संपते तेव्हा लोक निवेदनं देतात, मोर्चा काढतात, नाहीतर जुन्यावरून मुरूम टाकून सपाट करतात आणि विसरतात. नोकरीची शेवटची बारा वर्षं फिरून याच बीटवर आलो, इथेच घर बांधलं, तेव्हा तुम्ही काय करून ठेवलं होतं ते मला दिसलं. दफनभूमी तेवढीच होती. वस्ती दुप्पट झाली होती. आणि कोणीही मुनारा ओलांडला नव्हता.

तुमची पद्धत मला समजायला दोन वर्षं लागली. कोणी गेलं की तुम्ही आधी अनवाणी त्या जागेवर फिरायचात, हात पाठीमागे बांधून. एके ठिकाणी थांबायचात. मग तिथून थेट कोणाच्या तरी घरी. चहा घ्यायचात, पावसापाण्याचं बोलायचात आणि कप खाली ठेवताना विचारायचात, "बाई, तुमच्या सासूले जाऊन अठरा वर्सं झाली. तिच्यापाशी एक जागा देता का?" हो म्हटल्याशिवाय सब्बल उचलायचा नाही हा तुमचा नियम. ती माती उघडताना त्या घरचं माणूस हजर पाहिजे. आत जे काही उरलेलं मिळेल ते नव्या पांढऱ्या कापडात बांधून नव्या मयताच्या उशाशी ठेवायचं. आणि ठेवण्याआधी घरच्या माणसानं आपल्या जुन्या माणसाला मोठ्यानं सांगायचं, सरकून घे, पाहुणा आला.

कोण कोणाजवळ जाईल हे ठरवण्यात तुमचं डोकं असं चालायचं की लग्न जुळवणाऱ्यांनी तुमच्याकडे शिकायला यावं. शेताच्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आयुष्यभर भांडलेले ते दोघे भाऊ आठवा. धाकटा गेला तेव्हा तुम्ही थोरल्याच्या मुलांकडे गेलात. दोन्हीकडचे चुलतभाऊ एकमेकांच्या दारात जात नव्हते. मी तुम्हाला म्हटलं, "भाऊ, उगाच आग्यामोहोळाला दगड मारू नका." तुम्ही म्हणालात, "वरतं नाई जमलं त्यायचं. खालतं काय धुरा आहे का?" गेलात, चहा प्यालात, विचारलंत. थोरल्याचा मुलगा उठला, घरात गेला आणि पांढरं कापड घेऊन आला. मी खाकी वर्दीत उभा होतो आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. का, ते मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तुम्ही वही ठेवत नव्हता, यावरून मात्र आपलं कायम वाजलं. मी नकाशावाला माणूस. मला जागेला नंबर पाहिजे, रेघ पाहिजे. तुमचं काय, तर माती लोटून झाली की घरच्या माणसांना दफनभूमीतल्या मोहाच्या झाडापाशी उभं करायचं आणि तिथून त्यांच्याकडून पावलं मोजून घ्यायची. तळ्याकडे तोंड करून अकरा, मग डाव्या हाताला सहा. दर वर्षी बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी गवत काढायला सगळ्यांना बोलवायचात आणि पुन्हा मोजायला लावायचात. मी म्हणायचो, "भाऊ, प्रत्येकाचं पाऊल वेगळं असतं. एकाचे अकरा दुसऱ्याचे तेरा होतात. हे काही मोजमाप नाही."

"आपल्या माणसापाशी आपल्याच पावलानं जाणं लागते, साहेब. तुमच्या टेपानं कोण कोणाच्या मायले भेटाले जाते?"

"उद्या तुम्ही गेल्यावर?"

"मंग पाहा तुमी मजा."

मी दोन वेळा तुमच्यासाठी आखीव वही आणली. एकीत तुमच्या नातवानं चित्रं काढली, दुसरीचं काय झालं मला माहीत नाही. दुसरा आपला वाद जाळण्याचा. मी म्हणायचो, एवढी ओढाताण करण्यापेक्षा दहन का करत नाही, बौद्धांना दोन्ही चालतं, कितीतरी वस्त्यांत आता दहनच करतात. तुम्ही बिडी विझवून म्हणालात, "जाळाचं तं लाकूड तुमच्या खात्याचं. पुराचं तं जागा तुमच्या खात्याची. आमचं काय मंग, निरा मुर्दा?" पुढे वस्तीतल्या काही घरांनी दहन सुरू केलं, तेव्हा त्यांच्या चितेची लाकडं रचायलाही तुम्हीच होता, हे मी पाहिलं आहे. हट्ट तुमचा नव्हताच, तो बहुतेक माझाच होता.

मग माझी आई गेली. ब्रह्मपुरीकडची ती, माझ्याजवळ राहायला आली आणि इथेच थकली. मी ब्रह्मपुरीला न्यायची तयारी करत होतो, कारण इथल्या जागेत मी कोणत्या तोंडानं वाटा मागणार होतो? तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. म्हणालात, "काऊन नेता एवढ्या दूर? मायले बोलाले लागे का?"

मी म्हटलं, "लागे. फार लागे."

"मंग जमलं. पाण्याच्या पाटाजवळची कचराबाई. तिच्यावाणी बोलणारी बाई तालुक्यात नोहोती. एकवीस वर्सं झाली, कोणी सोबत नाई तिले."

कचराबाईचा मुलगा, स्वतः सत्तरीचा माणूस, काठी टेकत आला. वाकून मातीजवळ तोंड नेलं आणि म्हणाला, "माय, थोडी सरकून घे. नाकेदाराची माय आली." तो रडत नव्हता, अगदी घरात बोलावं तसं बोलला. मी मात्र आडवा झालो तिथेच. ज्या गावाला मी एक हात जागा दिली नव्हती, त्यानं माझ्या आईला सोबतीण शोधून दिली. तुम्ही मला उठवलंत, मोहापाशी नेलंत आणि माझ्याकडून पावलं मोजून घेतलीत. माझे चौदा आणि नऊ. मी टेप काढला नाही.

आता ते सांगतो जे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना हद्दीची नव्यानं मोजणी आली. यंत्रं घेऊन दोन पोरं आली होती. मुनाऱ्याच्या पुढे, जंगलात आत, चाळीस पावलांवर एक मोठं वारूळ आहे. त्यांची रेघ त्या वारुळातून जाऊ लागली म्हणून त्यांनी ते थोडं फोडलं, तर आतून चुन्याचा खांब निघाला. जुना, खरा मुनारा. वाळवीनं माती चढवत चढवत त्याला अख्खा गिळला होता. ज्या खांबापासून मी टेप लावला होता तो नंतर कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी उभा केलेला होता. पटवाऱ्याच्या नकाशात रेघ एवढी जाड की तिच्या जाडीतच ही चाळीस पावलं मावत होती. म्हणजे मधला पट्टा जंगलाचा नव्हता. दफनभूमीचाच होता. तुम्ही त्या दिवशी आपल्याच जागेत खणत होता.

इथपर्यंत चूक होती, भाऊ. माणसाकडून होते. पुढचं चूक नव्हतं. त्या पोरांनी मला विचारलं, "काका, बीट तुमचं आहे, रेघ कुठून धरायची?" मी म्हणालो, "वहिवाट जुनी आहे, तीच धरा." का म्हणालो? दोन वर्षं राहिली होती. चौकशी नको होती. आणि खरं सांगायचं तर लाज. माझ्या एका टेपामुळे एवढी वर्षं लोकांनी आपली माणसं एकमेकांच्या कुशीत दाटीवाटीनं ठेवली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी वारुळाचं भोक स्वतःच्या हातानं मातीनं बंद केलं. वाळवीनं पावसाळ्यात ते पूर्ण बुजवून टाकलं.

तुम्हाला सांगायला मी आलो होतो. एकदा नाही, चार वेळा. तळ्याच्या पाळीवर तुमच्या शेजारी येऊन बसायचो, शिंगाड्याच्या वेलांकडे पाहायचो. तुम्ही विचारायचात, "काय नाकेदार, काई सांगाचं आहे का?" मी म्हणायचो, "नाही, सहज आलो." तुम्ही बिडी पुढे करायचात. मी बिडी ओढत नाही हे माहीत असून.

यंदा त्या पट्ट्यात रोपवन घ्यायचं ठरलं. नव्या नाकेदारीण बाई चुन्यानं खड्ड्यांच्या खुणा करून गेल्या. रोपं लागली की विषय कायमचा संपला असता, हे माझ्याइतकं कोणाला कळत होतं? मी रोज तिकडे एक चक्कर मारायचो आणि परत यायचो. आज सांगू, उद्या सांगू करत होतो. आणि बुधवारी तुम्ही गेलात.

आता दुपारचं सांगतो. कुठे खणायचं यावर नुसता गोंधळ चालू होता. इतक्यात कचराबाईचा मुलगा काठी आपटून ओरडला, "अरे, जो तो आपापल्या माणसापाशी जाऊन उभा राहा! जागा असन तं दिसंन!"

भाऊ, मग जे झालं ते तुम्ही पाहायला हवं होतं. सगळी वस्ती त्या मोहाच्या झाडापाशी गोळा झाली. माणसं, बाया, कडेवरच्या पोरांसकट सगळे आपापली पावलं मोजत निघाले. ओठ हलत होते. कोणी तळ्याकडे, कोणी रस्त्याकडे. कोणी कोणाला धडकलं नाही. थोड्या वेळात मैदानभर माणसं उभी. एका जागी दोन घरं, कुठे तीन. ज्या दोन भावांची मुलं बोलत नव्हती ती एका जागी खांद्याला खांदा लावून उभी. मी चौदा आणि नऊ मोजून आईपाशी गेलो, तर कचराबाईचा मुलगा आधीच तिथे. मी आयुष्यभर नकाशे हाताळले, पण असा नकाशा कधी पाहिला नव्हता. एकाही माणसाची जागा हरवली नव्हती. तुम्ही वही ठेवलीच होती, भाऊ. मला ती वाचता येत नव्हती.

पण मोकळी जागा एकही नव्हती. सगळ्यांची नजर फिरून मुनाऱ्यापलीकडे गेली. तिथे तेवढं रिकामं होतं, चुन्याच्या पांढऱ्या खुणांचं.

माझ्या तोंडून निघून गेलं. "ती जागा तुमची आहे," मी ओरडलो. "जंगलाची नाही. खरा मुनारा त्या वारुळात आहे. मी चुकीच्या खांबापासून मोजलं, आणि नंतर कळलं तरी बोललो नाही." सगळं सांगितलं. मला वाटलं आता कोणीतरी फावडंच घालेल डोक्यात, आणि ते बरंच झालं असतं.

बोलली ती तुमची लेक मंदा. धानोऱ्याहून सकाळीच धावत आलेली, नर्सच्या ड्रेसवरच.

"काका, बसा खाली. बाबाले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"वारुळातल्या मुनाऱ्याचं. माह्या आज्यानंच बांधला होता तो, फॉरेस्टच्या रोजीवर. बाबाले दाखवून ठेवला होता."

"मंग बुढ्यानं सांगितलं काऊन नाई?" मागून कोणीतरी ओरडलं.

"मी भी हेच विचारलं. तं म्हणे, पोरी, आज घेतली तं दहा वर्सात भरते. आन् अर्धी तं भरण्याच्या आधीच कोणी नांगरते, धानाची बांधी काढते. आपली म्हटली का जो तो हात घालते. फॉरेस्टची म्हटली का कोणी पाय नाई ठेवत. नाकेदार फुकटात राखून राह्यला, राखू दे. जवा एकाजवळ एक ठेवाले भी जागा नाई राहणार, तवा घेऊ."

आधी कोणाचा तरी फसकन आवाज आला. मग सगळे हसू लागले. तुमच्या तिरडीभोवती उभी असलेली माणसं, डोळ्यांत पाणी आणि हसताहेत. मीही हसलो, इतका की बसावं लागलं. एवढी वर्षं मी चोरासारखा फिरत होतो, आणि तुम्ही मला राखणीला बसवलं होतं.

"पण यंदा झाडं लागली असती तर?" मी मंदाला विचारलं.

"ते भी म्हणे बाबा. नाकेदाराच्या पोटात बात आहे, चारदा पाळीवर येऊन बसला. माह्या जिवंतपणी नाई सांगणार, लाजते. पण मी गेलो का सांगंन. त्याच्यानं राहावणार नाई, म्हणे."

यावर मला राग आला, हे तुम्हाला सांगून टाकतो. एवढा विश्वास टाकायचा होता तर एकदा तरी म्हणायचं होतं, नाकेदार, मला माहीत आहे, झोपा निवांत. माझ्या कितीतरी वर्षांच्या झोपा गेल्या. बिडी पुढे करण्यापेक्षा तेवढं एक वाक्य पुढे करायचं होतं, भाऊ.

कोणीतरी म्हणालं, चला मग, भाऊंना त्याच पट्ट्यात ठेवू. मंदा नाही म्हणाली. तुम्ही तिला बजावून ठेवलं होतं म्हणे, तिथे पहिला मुर्दा तुमचा गेला तर लोक म्हणतील बुढ्यानं स्वतःसाठी राखली होती. ती जिथे उभी होती तिथेच तिनं बोट दाखवलं. "इथी खोदा. मायजवळ." मंदा लहान असतानाच तुमची बायको गेली एवढं मला माहीत होतं. पण मंदाला धरून, त्याच जागी, वस्तीतली म्हातारी शेवंताबाई उभी होती. मला वाटलं होतं पोरीला आधार द्यायला उभी आहे. म्हातारी माझ्याकडे पाहून म्हणाली, "नाकेदार, तुमी खड्डा बुजवाले लावला नं, तो माह्या घरच्याचा होता. तो भी इथीच आहे."

"मी तवा सातवीत होती," मंदा म्हणाली. "बाबा घरी आला, हात-पाय मातीनं भरून. मले म्हणे, तुह्या मायजवळ एका माणसाले जागा देऊ का? तू नाई म्हणशीन तं नाई देत. मी इचार केला. म्हटलं, दे."

भाऊ, मी तिकडे डायरीत अतिक्रमण रोखले असं लिहीत होतो तेव्हा तुम्ही तुमच्या आई नसलेल्या मुलीची परवानगी घेत होता. आता कळलं मला, एवढ्या वर्षांत एकाही घरानं तुम्हाला नकार का दिला नाही ते. विचारण्याआधी तुम्ही दिलं होतं. मी त्या जागेपाशी उभा होतो, आणि मला जंगलात अचानक जुनं, अवाढव्य झाड समोर यावं आणि मान वर करून पाहतच राहावं तसं झालं. एवढी वर्षं तुमच्या शेजारी बसून मी तुमची उंची पाहिली नव्हती.

खणायला मीही घेतलं. चार सब्बल मारले की धाप लागत होती, पण कोणी माझ्या हातातून घेतला नाही, ते बरं केलं. शेवंताबाई वाकून नवऱ्याला म्हणाली, "अजी, सरका थोडं, भाऊ आला." मंदा म्हणाली, "माय, ह्या बारीले आपलाच माणूस आहे." मग तुम्हाला खाली दिलं. मीठ टाकलं, माती लोटली. पावलं मोजायला मंदा एकटीच गेली.

आज सकाळी मी कागद लिहिला. मुनारा कुठे आहे, मी कुठून मोजलं, मोजणीच्या वेळी काय सांगितलं, सगळं. खाली सही, हुद्द्यापुढे निवृत्त. नाकेदारीण बाईंना नेऊन दिला. त्यांनी दोन वेळा वाचला आणि म्हणाल्या, "काका, ह्याच्यानं तुमचंच नाव खराब होईन. पेन्शनलेही त्रास होऊ शकते." मी म्हटलं, "होऊ द्या." त्यांनी कागद वर पाठवला आहे आणि तोवर खड्डे खणणं थांबवलं आहे. वरचे काय म्हणतील ते मला माहीत नाही. वारूळ मात्र आता सगळ्या गावानं पाहिलं आहे, ते कोणाला झाकता येणार नाही.

एक नवीनच अडचण झाली आहे. तुम्हीच नको म्हटलेल्या जागेत आता पहिलं जायला कोणी तयार नाही. वस्तीत थट्टा चालू आहे, तू जा, नाही तू जा. मी मुलाला नागपूरला फोन केला आणि सांगितलं, माझं काही झालं तर मला त्या पट्ट्यात ठेवायचं, पहिला मी. "बाबा, असं काय बोलता," म्हणून तो चिडला. मग मी शेवंताबाईच्या घरी गेलो, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि तिला विचारलं, की मी तिथे पहिला गेलो तर चालेल का. तिचा हक्क पहिला आहे, त्या मातीवर खड्डा तिच्या माणसासाठी पडला होता. तिनं माझा रिकामा कप उचलला.

"चालन," ती म्हणाली. "पण एकटे पडसान बापा काई वर्सं. तिथी सरकून घ्याले कोणी नाई."

मी म्हटलं, "असू द्या. राखण करायला एक माणूस लागतोच."